करवत खाते तेवढं

२ फेब्रुवारी

नणंदबाई,

माझं अक्षर पाहून दचकशील, म्हणून आधीच सांगते, घरात सगळे धडधाकट आहेत. तुझ्या दादाची साखर तेवढी वरखाली होते आणि माझे गुडघे जिन्याशी भांडतात. फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू ‘हं’ म्हणतेस, मग मी हवापाण्यावर येते, मग आपण दोघी ‘बरं, ठेवते’ म्हणतो. पत्रात तुला मध्येच ‘हं’ म्हणता येणार नाही.

बातमी अशी की तुझ्या भाचीला सातवा महिना लागलाय. बबडी आई होणार, विश्वास बसतो का? बाळंतपणाला ती इकडेच आली आहे. काल मागच्या खोलीत काहीतरी उचकत बसली होती आणि आपला जिग हातात घेऊन बाहेर आली. म्हणे, “आई, ही कसली पेटी? हिला ना तळ, ना झाकण.” मी सांगितलं, पेटी नाही, साचा आहे. यात दांडा उभा अडकवायचा. साच्याच्या बाजूच्या भिंतीला टेकवून करवत चालवायची. मग भिंत आणि दांडा यांच्यामध्ये ही लाकडी पट्टी सरकवायची आणि दुसरा काप घ्यायचा. दोन कापांच्या मध्ये दांड्याच्या टोकाला जे बोट उरतं, ते पलंगाच्या खांबातल्या खाचेत घट्ट बसतं. दरवेळी मोजायला नको, हात हलला तरी काप हलत नाही. शंभर दांडे कापा, शंभर बोटं सारखी. निवृत्त झाले तरी शिकवायची खोड जात नाही, बबडीने जांभई देईपर्यंत मी बोलत होते.

मग ती म्हणाली, “बाळाचा पाळणा आत्याने करायचा.” मी म्हटलं, अगं, आत्या चष्म्याच्या दुकानात काचा बसवते, अठरा वर्षांत तिने करवतीला हात लावलेला नाही. तर म्हणे, “तू विचार तरी.” म्हणून विचारते आहे. त्या पलंगाचं तुझ्या मनात असेल तर काढून टाक. चूक कोणाच्याही हातून होते. मी तर ते केव्हाच विसरले, आणि तुझ्या दादाचाही राग आता राहिलेला नाही.

घाई नाही. म्हणजे आहे, दोन महिन्यांची.

तुझी,
वहिनी

ता. क. बबडीचं कोपर अजून पूर्ण सरळ होत नाही, थंडीत जरा ठणकतं, इतकंच. ‘भूमितीच्या बाईंच्या मुलीचा हात एकशे सत्तर अंशांवर अडकलाय’ असं ती स्वतःच लोकांना हसत सांगते.

१९ फेब्रुवारी

नणंदबाई,

तुझं उत्तर नाही आलं. यायचं कारणही नव्हतं. पत्र पेटीत टाकून घराकडे वळले आणि कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याच्या दुकानापर्यंत येते न येते तोच माझंच वाक्य मला आठवलं. ‘मी तर ते केव्हाच विसरले.’ काय मानभावी बाई आहे मी! दुसऱ्याला क्षमा करायला निघाले, तीही अशा गोष्टीची, जी... असो. असो म्हणून चालणार नाही. पण एकदम जमतही नाही.

बबडी काल जिगच्या पट्टीशी खेळत होती. तिने विचारलं, “आई, या पट्टीला वरून आणखी एक पातळ लाकडी चीप का चिकटवली आहे? रंगही वेगळा आहे.” मी म्हटलं, झिजली असेल, म्हणून लावली असेल कोणीतरी. कोणीतरी! मागच्या खोलीत काम करणाऱ्या आपण दोघीच होतो आणि चीप लागली तेव्हा तू करवत खाली ठेवलेली होतीस.

तर ऐक. जिग मी केला होता. हे तुला ठाऊक आहे, पण मी ते आजवर कोणापुढे म्हटलेलं नाही. त्याआधीची स्टुलं, फडताळं आपण नुसत्या रेघा मारून कापायचो. तू डाव्या हाताने एकदा करवत घातलीस की काप असा जायचा की मला पुन्हा गुण्या लावून काटकोन बघायची लाज वाटायची. माझे काप मात्र शेवटाला भरकटायचे. तू हसायचीस, “वहिनी, फळ्यावर रेघ सरळ, फळीवर वाकडी!” तू गमतीने म्हणायचीस, मला ते झोंबायचं. तुला जिगची गरज नव्हती. गरज मला होती. जिग केला की दोघींचे काप सारखेच येणार, हे मी मनाशी पक्कं धरलं होतं आणि तुला मात्र सांगितलं की दुमजली पलंगाचे एवढे सांधे आहेत, वेळ वाचेल.

बोट बारा मिलिमीटर जाडीचं हवं होतं, म्हणून मी पट्टी बरोबर बारा मिलिमीटरची केली. तीन वेळा मोजली. आणि करवत विसरले. करवतीचं पातं काही हवेचं नसतं, जाता जाता ते दीड मिलिमीटर लाकडाचा भुसा करतं. पट्टी साडेतेराची हवी होती. माझ्या जिगमधून निघालेलं प्रत्येक बोट साडेदहाचं होतं आणि खाच बाराची. कुठल्याही सुताराने हसून सांगितलं असतं. पण मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवत होते की रेषेला लांबी असते, जाडी नसते. ते माझ्या इतकं अंगात भिनलं होतं की करवतीच्या रेषेलाही मी जाडी दिली नाही.

एवढी चूक माझी होती. एवढीच, असं मी अठरा वर्षं स्वतःला सांगत आले. सैल बोट खाचेत बसवणारे हात तुझे होते, तुला कळायला हवं होतं, असंही सांगत आले.

वहिनी

७ मार्च

नणंदबाई,

मागच्या पत्राचा शेवट खोटा होता. तुला कळलं होतं.

आपल्या दोघींचा नियम होता, ज्याने कापलं त्याने दांड्याच्या आतल्या बाजूला खूण करायची. तुझे दोन ठिपके, माझा त्रिकोण. तू वरच्या मजल्याचे दांडे आणि कठडा घेतलास, मी खालचा मजला. तू वर बबडीला झोपवणार आणि स्वतः खाली झोपणार, असं ठरलेलं. बबडीला तर घरातल्या घरात वरचा मजला मिळाल्याचा कोण आनंद! पहिल्याच दांड्याला तू म्हणालीस, “वहिनी, हे बोट खाचेत खुळखुळतंय.” मी मान वर न करता म्हटलं, “जिग चुकत नाही. हात सैल पडला असेल.” तू दुसरा कापलास. तोही सैल. तू विचारलंस, “मग चीप भरू का बाजूला?” मी काय म्हणाले ते तुझ्या लक्षात असणार. “चिपा भरणं ही फसवणूक आहे. डिंक जास्त घाल, धरेल.”

आता जे लिहिते आहे ते तुला माहीत नाही. माझेही सांधे सैल निघाले होते. आठच्या आठ. तू दुकानातून खिळे आणायला गेलीस तेवढ्या वेळात मी प्रत्येकात चीप भरली, वर भुसा आणि डिंक लिंपला, घासून पुसून सारखं केलं. तू आलीस तेव्हा म्हणालीस, “तुझे किती छान बसलेत गं!” आणि मी ‘हो’ म्हटलं. तुला चीप भरू दिली असती तर माझा जिग चुकला हे उघड झालं असतं. तुझ्या बोटाहून माझी पट्टी खरी ठरावी, एवढ्यासाठी मी माझ्या मुलीला सैल कठड्याच्या भरवशावर झोपवलं. हे लिहिताना तोंड कुठे लपवू असं होतंय, आणि पत्रात तोंड लपवायला जागाच नसते.

तीन महिने डिंकाने धरलं. मग त्या दुपारी बबडी वर पोटावर झोपून गोष्टीचं पुस्तक वाचत होती. खाली तुला चित्र दाखवायला ती कठड्यावर रेलली आणि कठडा तिच्यासकट खाली आला. तू तिला उचललंस आणि अनवाणी दवाखान्यापर्यंत पळालीस. मी मागून आले. बरोबर काय आणलं होतं मी? पोरीची चप्पल नाही, पाणी नाही. मी कठड्याचा दांडा आणला होता.

तुझा दादा कामावरून धापा टाकत आला, तेव्हा दवाखान्यातल्या बाकावर आपण दोघी बसलो होतो. त्याने विचारलं, “कसं झालं?” मी दांडा उलटा केला आणि दोन ठिपक्यांवर बोट ठेवलं. तोंडातून शब्द काढला नाही. शब्द काढला असता तर निदान खोटं बोलले असं तरी म्हणता आलं असतं. तो तुझ्याकडे वळून म्हणाला, “तुझी ही डावरी घिसाडघाई! पुन्हा करवतीला हात लावशील तर याद राख.” डॉक्टरीणबाई आतून बाहेर येऊन म्हणाल्या, हळू बोला. तू माझ्याकडे पाहिलंस. मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.

सगळं खापर तुझ्या माथी फुटलं, आणि ते मी फोडलं.

चौथ्या दिवशी घरात कोणी नसताना मी पट्टीला दीड मिलिमीटरची चीप चिकटवली. जिग दुरुस्त झाला. तो मी पुन्हा कधीही वापरला नाही. महिन्याभराने तू दुसऱ्या गावी नोकरी मिळाल्याचं सांगितलंस. मी तुला डबा भरून दिला, फाटकापर्यंत आले आणि म्हटलं, “मनाला लावून घेऊ नकोस.”

मला तुझी माफी हवी आहे. मागायला तोंड नाही, तरी मागते.

वहिनी

२१ मार्च

नणंदबाई,

तुझं कार्ड आलं. पोस्टमनने दारातच दिलं आणि मी ते चपलांच्या फळीपाशी उभ्या उभ्या वाचलं. मग स्वयंपाकघरात जाऊन वाचलं. मग न्हाणीघरात कडी लावून वाचलं. पाचच ओळी आहेत, पाठ झाल्या.

“वहिनी, तुझ्या आठ चिपा मला माहीत होत्या, डिंक वाळल्यावर त्यांचा रंग वेगळा दिसतो. मी कठडा पडल्यामुळे घर सोडलं नाही. दादा ओरडला म्हणूनही नाही. पाचव्या दिवशी जिगच्या पट्टीला नवी चीप दिसली, तेव्हा तुला सगळं कळलंय हे मला कळलं, आणि मग मी महिनाभर तू बोलशील म्हणून थांबले. मला पत्रं लिहून काय उपयोग, मला माहीतच आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग.”

एक महिना. तू रोज सकाळी माझ्यासमोर बसून चहा प्यायचीस, बबडीची वेणी घालायचीस, मला विचारायचीस, “वहिनी, काही म्हणत होतीस का?” मला वाटायचं ही विचारते आहे की भाजी काय आणू.

तू म्हणतेस ते बरोबर आहे. तुला लिहिणं मला सोपं होतं. तू दूर आहेस, तुझा चेहरा दिसत नाही, आणि आत कुठेतरी मला खात्री होती की तू हे कोणाला सांगणार नाहीस. अठरा वर्षं सांगितलं नाहीस, आता काय सांगशील. म्हणजे कबुलीसुद्धा मी तुझ्याच चांगुलपणावर टेकून दिली. माझी मलाच किळस आली.

पण तुझ्या दादाला सांगणं सोपं नाही. एकत्र संसाराची तीस वर्षं झाली. या माणसाने माझा शब्द कधी मोजून पाहिला नाही. शेजारीपाजारी तो म्हणतो, आमच्या हिचं सगळं काटेकोर. आणि बबडीला आता आठवा आहे. या दिवसांत तिला कशाला त्रास, असं कारण मी काल दिवसभर चघळलं. मग माझ्या लक्षात आलं की अठरा वर्षांत दरवर्षी मला असं एक नवं कारण सापडलेलं आहे.

रविवारी सांगते.

वहिनी

३० मार्च

नणंदबाई,

सांगितलं. तोंडाने सांगवेना, म्हणून कापून दाखवलं.

रविवारी सकाळी चहाचे कप उचलले आणि जेवणाच्या टेबलावर जिग आणून ठेवला. तुझा दादा पेपरमागून म्हणाला, “हे काय, आता या वयात सुतारकाम?” मी म्हटलं, पेपर ठेवा आणि दांडा धरा. तुझी करवत माळ्यावर होती, डाव्या हातासाठी तू मुठीला घासून आकार दिलेली. तीच घेतली. आधी पटाशीने पट्टीवरची चीप सोडवली. डिंक मात्र मी तेव्हा चांगला वापरला होता, सुटता सुटेना. मग बारा मिलिमीटरची पट्टी तुझ्या दादाला आणि बबडीला मोजायला लावली. दोन काप घेतले. बोट निघालं. पलंगाचा एक खांब मी सांभाळून ठेवला होता, का ते विचारू नकोस. त्याच्या खाचेत ते बोट घातलं आणि दांडा तुझ्या दादाच्या हातात दिला.

त्याने हलवून पाहिला. टक, टक. पुन्हा हलवला. बबडीने हात पुढे करून एकदा हलवला, आणि नकळत दुसऱ्या हाताने स्वतःचं कोपर धरलं.

मग मी सगळं सांगितलं. करवतीची जाडी, माझ्या आठ चिपा, तुला भरू न दिलेल्या, दवाखान्यातला बाक, दोन ठिपके. काही गाळलं नाही. तुझ्या दादाने एकच विचारलं.

“तुला कधीपासून माहीत आहे?”

“सैल आहे हे कापताना कळलं होतं. पट्टी चुकली हे चौथ्या दिवशी.”

तो उठला, चपला घातल्या आणि बाहेर गेला. दुपारी जेवायला आला नाही. मी बबडीकडे पाहिलं. ती ओरडेल, रडेल असं वाटलं होतं. तिने टेबलावरचा भुसा एका कागदावर गोळा केला आणि खाली मान घालून म्हणाली, “माझा हात प्लास्टरमध्ये होता ना, तेव्हा आत्या रोज माझ्याजवळ बसून म्हणायची, मला कळलं होतं गं सैल आहे ते, तरी मी तुला वर झोपू दिलं, माझं चुकलं. रोज म्हणायची. म्हणून मला वाटायचं तिनेच पाडलं.” मग म्हणाली, “तू एकदाही नाही म्हणालीस.”

एकदाही नाही. बबडी, माझं चुकलं, हे मी तेव्हा म्हटलं, त्या टेबलापाशी. तिने ऐकलं. ‘असू दे’ म्हणाली नाही, आणि म्हणू नये हेच बरं. चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलते, ‘आई’ हा शब्द टाळून. मीठ दे. दार लाव. मला ते सोसलं पाहिजे.

तुझा दादा संध्याकाळी आला तेव्हा त्याच्या हातात कानस होती. मला वाटलं कशाला. तो ओट्यावर बसला आणि तुझ्या करवतीला धार लावू लागला, एकेक दात, चष्मा कपाळावर चढवून. दुसऱ्या दिवशीही तेच. काल मध्येच म्हणाला, माझ्याशी की स्वतःशी कोण जाणे, “मी तिला याद राख म्हणालो होतो.” मी म्हटलं, “तुम्हाला मी फसवलं.” तो म्हणाला, “तू ठिपके दाखवलेस. ओरडलो मी.”

पुढच्या आठवड्यात सकाळच्या गाडीने तो तुझ्याकडे निघतोय. तुला कळवू नको म्हणाला, मी कळवते आहे. अठरा वर्षं पुष्कळ लपवलं. हे पत्र आजच पेटीत टाकते, म्हणजे त्याच्या आधी पोचेल. त्याच्या पिशवीत तुझी करवत असेल, आणि जिग असेल. पट्टीची चीप मी परत चिकटवलेली नाही. तो जसा मी केला होता तसाच, चुकीचा, पाठवते. सुटलेली चीप एका पाकिटात घालून बरोबर ठेवली आहे. लावावीशी वाटली तर लाव, जिग फेकून द्यावासा वाटला तर फेकून दे. पाळण्याचं बबडी म्हणते, “आत्याने नुसत्या हाताने कापावा.”

कापणाऱ्याने खूण करायची, असा आपला नियम होता. जिग करणाऱ्याने करायची, असा नव्हता, आणि त्या फटीत मी अठरा वर्षं काढली. आज पटाशीने जिगच्या भिंतीवर बाहेरून, सहज दिसेल असा, त्रिकोण कोरला. फारसा सरळ आला नाही.

दादा आला की दार पूर्ण उघड. मागे मी उभी असेन म्हणून बिचकू नकोस. तू बोलावल्याशिवाय मी येणार नाही.

वहिनी